सहजोद्गार, शेरा आणि ठराव

प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याचा तळ पडलेला असताना २९ एप्रिल १८५८ रोजी त्यावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. हल्ला करणारे लोक मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांचे होते. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकरवी शेडमाके इंग्रजांच्या हाती लागले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. आज चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत विभागलेल्या जुन्या चांदा मुलखात आधुनिक तंत्रविद्येशी झालेला हा बहुधा पहिला नोंदला गेलेला सामना होय.

ह्या घटनेचे कथन मुख्यतः प्रशासकीय ग्रंथपरंपरेतून आलेले आहे. मेजर लूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल आणि १९०९ चे चांदा गॅझेटियर हे तिचे ठळक टप्पे. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बंडखोरीविषयीच्या गद्याचे जे प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक असे थर दाखविले, ते येथेही ओळखता येतात. तातडीच्या पत्रव्यवहारात शेडमाके गुन्हेगार असतात, गॅझेटियरात ते एका बंदोबस्ताच्या वृत्तांताचा भाग होतात, आणि राष्ट्रवादी इतिहासलेखनात हुतात्मा. तिन्ही थरांत एक गोष्ट सारखीच अनुत्तरित राहते: ज्या तारेच्या तळावर हल्ला झाला त्या तारेविषयी हल्लेखोरांना काय वाटत होते? तार हे साम्राज्याचे शस्त्र आहे हे त्यांनी ओळखले होते, असे उत्तरकालीन लेखक सांगतात. ते संभवनीय आहे. तथापि ते मत लेखकांचे आहे, आणि सद्भावनेने झाले तरी दुसऱ्याच्या तोंडी घातलेले वाक्य उसनेच राहते. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये शेडमाके यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. टपाल व तार ही दीर्घकाळ एकाच छत्राखालची खाती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तिकिटाचा अर्थ थोडा गुंतागुंतीचा होतो. तारसेवा स्वतः जुलै २०१३ मध्ये बंद पडली.

तंत्र आणि व्यापार यांविषयी जाता जाता काढलेले उद्गार हा साहित्यविचाराचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. मराठी भाषेचाच कौल घेतला तर उत्तर होकारार्थी येते. अभिप्राय, टिप्पणी, शेरा, आढावा, मत हे शब्द मराठीत समीक्षक आणि कारकून दोघेही वापरतात. पुस्तकावर अभिप्राय दिला जातो तसा तो नस्तीवरही मागविला जातो. फारसी-अरबी दप्तरी परंपरेतून आलेला ‘शेरा’ समासात लिहिला जातो, त्याखाली सही असते, आणि बहुतेक वेळा तो मजकुरापेक्षा प्रभावी ठरतो. ह्याउलट चहाच्या टपरीवर, तेंदूपानांच्या फळीवर किंवा गोटुलात निघालेल्या उद्गाराला कर्ता नसतो, तारीख नसते, कागद तर नसतोच. ऑस्टिनने उच्चारताच कृती घडविणाऱ्या वाक्यांचा जो विचार मांडला (१९६२), त्यात अशा वाक्याच्या यशाच्या अटी सांगितलेल्या आहेत: योग्य व्यक्ती, योग्य स्थळ, मान्य संकेत. शेऱ्याला ह्या तिन्ही अटी आयत्या मिळतात. सहजोद्गाराजवळ यांपैकी एकही नसते. म्हणून चांदा-गडचिरोलीतील यंत्र, खाण, गिरणी, कागद आणि दूरध्वनी यांविषयीच्या मतांचा इतिहास हा बराचसा रूपबंधांचा इतिहास आहे. येथील माणसांना मते नव्हती असे कधीच नव्हते. त्या मतांना परिणामकारक होण्यासाठी लागणारा साचा त्यांच्या हाती नव्हता.

तारेनंतर आले लोखंड. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्स ह्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या आर्थिक शक्यतांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहारा येथील लोहखनिज उत्तम, आणि वरोऱ्याची कोळशाची खाण त्यापासून फार दूर नाही, हा त्या अहवालाचा मोहक भाग. पण वरोऱ्याचा कोळसा कसोटीला उतरला नाही, आणि खाणपट्ट्यांचे तत्कालीन सरकारी नियमही जाचक होते. विचार मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी नियम सैल झाल्यावर टाटांनी पुन्हा चांद्याकडे दृष्टी वळविली. १९०४ मध्ये सी. एम. वेल्ड हा अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ ह्या डोंगरांत हिंडला आणि त्याने प्रतिकूल मत दिले: खनिज आहे, पण विखुरलेले, मोठ्या कारखान्याला पुरे पडणार नाही. पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. दोराबजी टाटा नागपुरात असताना त्यांच्या नजरेस एक भूगर्भीय नकाशा पडला, त्यावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण होती. मग प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजविषयीचे पत्र आले, आणि कारखाना अखेर साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला झाला. चांद्याच्या वाट्याला ह्या प्रकरणात अहवाल तेवढे आले.

ह्या दोन दशकांच्या चर्चेचे गद्य वाचताना एक व्याकरणिक विशेष जाणवतो. अशा अहवालांचा कर्ता खनिज, कोळसा, पाणी, अंतर हा असतो. माणसे येतात ती ‘मजुरीची उपलब्धता’ ह्या सदरात. मध्य प्रांतात तेव्हा देशी भट्ट्यांवर लोखंड गाळणारे लोक होते आणि स्वस्त विलायती लोखंडापुढे त्यांचा धंदा बसत चालला होता. धातूविषयी, कोळशाविषयी, भात्याविषयी त्यांच्याजवळ जे ज्ञान होते त्याची गणना वांशिक कुतूहलाच्या प्रकरणात झाली, तंत्राच्या प्रकरणात झाली नाही. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातही, ज्याच्या चौथ्या खंडात (१९०६) गोंडीचा परामर्श आहे, भाषिक नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी बायबलातील उधळ्या मुलाच्या दृष्टान्ताचा अनुवाद करवून घेतलेला होता. तुलनेच्या सोयीसाठी ते योग्यच होते. मात्र ज्या भाषकाला आयुष्यात एकदाच छापील पानावर बोलावयास मिळाले, त्याला तेथे दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी लागली.

वेल्डचे मत नकारात्मक होते, ही बाब पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. चांद्याच्या डोंगरात कारखान्यासाठी खाण नको, असे १९०४ मध्ये एका तज्ज्ञाने म्हटले आणि तो तांत्रिक निर्णय ठरला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्याच मुलखातील सूरजागडच्या डोंगरात खाण नको असे तेथील गावांनी म्हटले, तेव्हा त्यास ‘विरोध’ हे नाव मिळाले. दोन्ही वाक्यांचा आशय एकच आहे. कारणे अर्थातच वेगळी. पण कारणे वेगळी आहेत म्हणून एक मत ‘अभिप्राय’ आणि दुसरे ‘अडथळा’ होत नाही. ते तसे होते ते कोणत्या साच्यात सांगितले गेले त्यामुळे.

कागदाचा प्रश्न साहित्याभ्यासकाला अधिक जवळचा आहे, आणि त्याने तो सर्वात कमी विचारात घेतला आहे. बल्लारपूरची गिरणी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि काही वर्षांत देशातील मोठ्या कागद-उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. तिचा कच्चा माल बांबू, आणि बांबूचे मोठे क्षेत्र पूर्वेकडील जंगलांत, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात. ह्या जिल्ह्याचे सुमारे सत्तर टक्के क्षेत्र वनाचे. स्वातंत्र्योत्तर मराठी ग्रंथव्यवहाराने, नियतकालिकांनी आणि विद्यापीठीय प्रबंधांनी किती बांबू पचविला ह्याचा हिशेब कोणत्याही वाङ्मयेतिहासात आढळत नाही. ‘मातीशी नाते’ सांगणाऱ्या ग्रामीण साहित्यविचारानेही आणि देशीवादी मांडणीनेही ज्या पृष्ठावर ती मांडणी छापली गेली त्या पृष्ठाची माती विचारली नाही. हा आरोप नव्हे. साहित्यविचारात माध्यम पारदर्शक मानण्याची जी सवय आहे तिची ती निष्पत्ती आहे.

बांबू गावाच्या दृष्टीने एक वस्तू नाही, अनेक वस्तू आहेत. पावसाळ्यात कोवळे कोंब, ज्यांना ह्या भागात वास्ते म्हणतात, भाजीला येतात. पुढे त्याचे सूप, टोपली, कणगी, कुंपणाचा ताटवा, घराचा छाट होतो. बुरडांचा सारा व्यवसाय त्यावर. मध्य प्रांतापासून चालत आलेल्या निस्तार हक्कांत घरगुती गरजेपुरते वनोत्पन्न घेण्याची मुभा नोंदलेली होती. गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू मिळे तो टनांच्या हिशेबात. गावाला मिळे तो नगांच्या. ह्या दोन मापांमध्ये पन्नास वर्षे जो संवाद व्हावयास हवा होता तो झाला नाही, कारण एक माप करारपत्रात होते आणि दुसरे बोलण्यात.

मेंढा (लेखा) ह्या धानोरा तालुक्यातील लहान गोंड गावाने ह्या बोलण्याचे काय केले, हे येथे थोडे विस्ताराने पाहावयास हवे. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांच्या योजनांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन ह्या भागात झाले. त्याच्या अनुषंगाने ह्या गावात जी प्रक्रिया सुरू झाली तिच्याशी देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल ही नावे निगडित आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली आणि, घोषणांचे होते तसे, तिच्यामागील पद्धतीपेक्षा जास्त प्रसिद्ध झाली. पद्धत मात्र अधिक मोलाची होती. गावाने दोन व्यासपीठे वेगळी ठेवली. पहिले अभ्यास गट: ज्याला वाटेल त्याने यावे, बाहेरच्यांनाही बोलवावे, विषय मधाचा असो, कायद्याचा असो की बांबूचा, बोलावे, माहिती घ्यावी, पण निर्णय करू नये. दुसरे ग्रामसभा: तेथे निर्णय करावयाचा, आणि तो बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने.

भाषेच्या दृष्टीने ही मांडणी विलक्षण आहे. मराठीत ‘मत’ ह्या एकाच शब्दाने विचारही सूचित होतो आणि निवडणुकीत टाकावयाची चिठ्ठीही. मत दिले की माणूस मोकळा होतो. त्याचे मत मोजले जाते, ऐकले जातेच असे नाही. मेंढ्याने मत आणि मतदान यांची ही जोडी सोडविली. अभ्यास गटात निर्णय नसल्यामुळे सहजोद्गाराला भय राहिले नाही. चुकीचे बोलले तरी काही बिघडत नव्हते, अर्धवट बोलले तरी चालत होते, काल बोललेले आज बदलता येत होते. बाख्तिनने साध्या, दैनंदिन वाक्प्रकारांतून संमिश्र वाक्प्रकार कसे घडतात ह्याचे जे विवेचन केले आहे त्याचे इतके उघड उदाहरण ग्रंथांत क्वचितच सापडेल: गप्पा अभ्यासात जातात, अभ्यास ठरावात, आणि ठराव लिहिला जातो. मधाविषयीचा अभ्यास घ्यावा. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याच्या रीतीत माश्या मरतात, हे काही कोणा तज्ज्ञाने येऊन सांगावयाचे गुपित नव्हते. पण ते बोलणे एका ठिकाणी साठत गेले, बाहेरच्या माहितीशी जोडले गेले, आणि माश्या न मारता मध काढण्याच्या रीतीपर्यंत पोहोचले. ह्यास तंत्रविषयक टीका म्हणावयाचे नाही तर कशास? मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ ह्या पुस्तकामुळे ह्या प्रयोगाची मराठी वाचकाला सविस्तर ओळख झाली आहे. समीक्षेने मात्र त्याकडे समाजकार्याचे पुस्तक म्हणून पाहिले आणि शेल्फ बदलले.

खरा पेच २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आला. त्या कायद्यान्वये मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्कात गौण वनोपजाची मालकी होती. गावाने बांबू विकावयाचे ठरविले, तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना देण्यास नकार दिला. त्यामागचे कारण पाहिले तर कोशकाराने कान टवकारावेत असे आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ ह्या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, खुंट, झुडपे व वेत यांचा समावेश होता. बांबू वृक्ष, म्हणून तो इमारती लाकडाच्या बाजूचा. २००६ च्या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्ट घातलेले होते. वनस्पतिशास्त्र तर बांबूला गवताच्या कुळात बसविते. म्हणजे एकच वस्तू एका संहितेत वृक्ष, दुसरीत वनोपज आणि तिसरीत तृण. आणि यांपैकी कोणती संहिता प्रमाण, यावर एका गावाचा वर्षाचा हिशेब अवलंबून. शब्दाचा अर्थ वापरात असतो असे म्हणणे वर्गात सोपे आहे. येथे बांबू तोडलेला होता, गिऱ्हाईक होते, आणि रस्त्यावर नाका होता.

गावाचे म्हणणे साधे होते: बांबू गवत आहे हे ढोरालाही कळते. हे वाक्य कोणी एकाने उच्चारले असे येथे म्हणावयाचे नाही. अशा आशयाचे बोलणे त्या काळात त्या सबंध टापूत चालू होते, आणि त्या बोलण्यातील उपहासाला शास्त्राचा आधार होता, हे महत्त्वाचे. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्याची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती देण्यात आली. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः निविदा काढून बांबू विकला. ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळला गेला तो मात्र नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकमाने व पुढील दुरुस्तीने, तीही वनाबाहेरील बांबूची लागवड व व्यापार सुकर व्हावा ह्या हेतूने. गावाचे मत आणि शेतीउद्योगाचे मत ह्या ठिकाणी एका ओळीत आले, तरी दोघांच्या कारणांत पुष्कळ अंतर होते.

परवाना पुस्तिका हे कोरे पुस्तक असते. त्यात माल, वजन किंवा नग, कोठून, कोठे, वाहन क्रमांक, सही असे रकाने. वाङ्मयीन दृष्ट्या याहून दरिद्री रचना सापडणे कठीण. तरीही गडचिरोलीतील मतांच्या इतिहासात ह्या पुस्तिकेइतके निर्णायक पुस्तक दुसरे नाही, कारण दीडशे वर्षे जी सही बाहेरून येत होती ती तिच्यामुळे गावाच्या हाताने होऊ लागली. ह्या साऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बल्लारपूरची कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होईल, तो टाळावयास हवा. कंपनीच्या अडचणींची मुळे कर्ज आणि विस्तार यांत शोधावी लागतात.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा उल्लेख केल्यावाचून हे चित्र पुरे होणार नाही. देसाईगंज अर्थात वडसा हे तिचे व्यापारी केंद्र. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने हंगाम सुरू होतो, आणि गावोगावी रात्रभर नाटके चालतात. ही महाराष्ट्रातील अशी एक रंगभूमी आहे की जी मुख्यतः तिकीटविक्रीवर जगते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने तिच्याकडे थोडे लक्ष वेधले, आणि झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी त्यापूर्वीच उभा केला होता. येथे विनोदी पात्राला संहितेबाहेर बोलण्याची मुभा असते. धानाचा भाव, कर्जमाफी, भ्रमणध्वनी, गावात नव्याने आलेले यंत्र यांवरचे उद्गार त्याच्या तोंडून निघतात, आणि पुढच्या गावी बदलतात. संहिता छापली गेली तरी हे उद्गार छापले जात नाहीत. खडी गंमत आणि दंडार यांपासून आलेली ही रीत आहे. तथापि ही रंगभूमी मराठीची, झाडीबोलीची आहे. एटापल्ली-भामरागडच्या माडिया भाषकाचा सहजोद्गार तिच्या मांडवात पोहोचत नाही.

दक्षिणेकडील त्या तालुक्यांत मत देणे हीच एक जोखीम होऊन बसली. ऐंशीच्या दशकापासून तेथे नक्षलवादी चळवळ आणि पोलीस यांच्यात जो संघर्ष चालला, त्यात दोन्ही बाजूंची पत्रके, फलक आणि आवाहने भरपूर. त्यांत तंत्र व उद्योग यांविषयी ठाम मते होती. भ्रमणध्वनीचे मनोरे एका बाजूला विकासाचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला हेरगिरीचे. ते वारंवार जाळले गेले. १८५८ च्या तळाची आठवण येणे स्वाभाविक आहे, पण साम्य वरवरचे आहे: शेडमाके यांच्या लोकांना तारेवर कोणाशी बोलावयाचे नव्हते, ह्या गावांतील तरुणांना मनोऱ्यावरून बोलावयाचे होते. मनोरा हवा असे जो म्हणेल तो खबऱ्या ठरण्याचे भय, आणि खाण नको असे जो म्हणेल तो समर्थक ठरण्याचे. खबरी असल्याच्या संशयावरून माणसे मारली गेली. चळवळीशी संबंधाच्या संशयावरून माणसे तुरुंगात गेली. अशा ठिकाणी मौनाला संमती समजणे किंवा अज्ञान समजणे ही दोन्ही वाचने चुकीची आहेत.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम सुरू केला. साध्या दूरध्वनीवरून क्रमांक फिरवावयाचा, आपल्या भाषेत बोलावयाचे, ते ध्वनिमुद्रित होते. संपादक ऐकतो, पडताळतो, आणि मग इतरांना ते दूरध्वनीवर ऐकता येते. गोंडीत बोलणाऱ्याला लिपी येण्याची अट ह्यात नव्हती. वॉल्टर ओंगने ज्यास दुय्यम मौखिकता म्हटले तिची ही थोडी निराळी जात: ओंगच्या मौखिकतेमागे लिखित संस्कृती गृहीत आहे, येथे ती गाळून थेट यंत्रावर उडी आहे. ह्याच जाळ्यातील लोकांच्या पुढाकाराने निरनिराळ्या राज्यांतील गोंडीचा समान कोश करण्याचे काम झाले आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण एका राज्यातील बातमी दुसऱ्या राज्यातील गोंडाला कळत नव्हती. हिंदी, मराठी, तेलुगू, ओडिया यांनी शेजारून इतके शब्द पुरविले होते. लिपींचेही तसेच. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, आणि चंद्रपूरला लागून असलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी हस्तलिखितांत सापडलेली लिपी २०१८ मध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख. ह्या भाषेला आता दोन संकेतावली आहेत, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही.

सूरजागडकडे वळल्यावर ह्या साऱ्या रूपबंधांची कसोटी लागते. एटापल्ली तालुक्यातील ह्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. इलाख्यातील गावे तेथे जमतात, आणि ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले आहेत. लॉइड्स मेटल्स ह्या कंपनीला २००७ मध्ये खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली गेली, काम थांबले, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. रोजगार मिळतो म्हणून खाण हवी असे म्हणणारेही त्या तालुक्यात आहेत. त्यांचे मतही ऐकले जावयास हवे आणि तेही सहसा दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळते. उत्पादनक्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढविण्यासाठी २०२२ मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. तिला आधार २००६ च्या अधिसूचनेचा. ही अधिसूचना म्हणते की सुनावणी प्रकल्पाच्या स्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी. ती झाली गडचिरोलीला, जिल्हा मुख्यालयी; सूरजागडहून रस्त्याने शंभर किलोमीटरपेक्षा अधिक.

अधिसूचनेत आणखी एक कलमवजा वाक्य आहे, ज्याकडे कायद्याच्या अभ्यासकांपेक्षा भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. सुनावणीच्या शेवटी, व्यक्त झालेली सर्व मते नेमकेपणाने नोंदविणारा वृत्तान्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवावा, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांची सही व्हावी. म्हणजे सहजोद्गाराला शेऱ्याचे सामर्थ्य देणारी तरतूद कागदावर आहे. स्थानिक भाषा कोणती, हे मात्र त्यात सांगितलेले नाही. दप्तराच्या सोयीने ती मराठी ठरते. एटापल्लीत ती माडिया आहे.